पहिलं गरोदरपण, गोव्यात: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पहिल्या खेपेला सल्ल्यांची कमी नसते. आई, सासू, शेजारीण, मोबाइल, सगळीकडून ते येत असतात. घोटाळा होतो तो वेळेचा. बाराव्या आठवड्यात व्हायची तपासणी सोळाव्यात होते, त्याच दिवशी इस्पितळ गाठायचं ते "उद्या सकाळी बघू"वर जातं. म्हणून खालच्या उत्तरांत काय करायचं याच्याइतकंच कधी करायचं यावर भर दिला आहे. तुमच्या डॉक्टरांनी तुमच्या प्रकृतीप्रमाणे वेगळं सांगितलं असेल तर त्यांचं ऐका.

घरी टेस्ट पॉझिटिव्ह आली. लगेच जायचं की तीन महिने थांबायचं?

त्याच आठवड्यात जा. तीन महिने कुणाला सांगायचं नाही ही रीत नातेवाइकांपुरती पाळा, डॉक्टरांपासून लपवू नका. बाळाचा मेंदू आणि पाठीचा कणा ज्या नळीपासून घडतात, ती नळी पाळी चुकल्यानंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांतच मिटते. फॉलिक ॲसिडची गोळी (रोज ४०० मायक्रोग्रॅम) खरं तर गर्भ राहण्याआधीपासून हवी. घेतली नसेल तर आजपासून सुरू करा. मधुमेह असेल किंवा फिट्सची औषधं चालू असतील तर मात्रा वेगळी लागते, ती डॉक्टर ठरवतील. थायरॉईड, रक्तदाब किंवा फिट्सची गोळी मनाने बंद करू नका.

बारा आठवड्यांच्या आत जवळच्या आरोग्य केंद्रात नाव नोंदवा आणि माता-बाल संरक्षण कार्ड घ्या. खाजगी डॉक्टरांकडे जात असलात तरी ही नोंद करा. पहिल्या भेटीत हिमोग्लोबिन, रक्तगट, लघवी, साखर, थायरॉईड, एचआयव्ही, सिफिलिस आणि हिपॅटायटिस बी या तपासण्या होतात. रक्तगट निगेटिव्ह निघाला तर नवऱ्याचाही तपासा. त्याचा पॉझिटिव्ह असेल तर २८व्या आठवड्याच्या सुमारास अँटी-डीचं इंजेक्शन लागतं, आणि बाळाचा रक्तगट पॉझिटिव्ह आला तर जन्मानंतर ७२ तासांच्या आत पुन्हा.

या सुरुवातीच्या दिवसांत ओटीपोटात एका बाजूला जोराची कळ, चक्कर आणि रक्ताचे डाग असं एकत्र झालं तर गर्भ गर्भाशयाऐवजी बीजनळीत रुजल्याची शक्यता असते. पडून राहू नका, १०८ बोलवा.

प्रत्येक सोनोग्राफीवर वेगळी तारीख आहे. खरी कोणती?

शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसात सात दिवस मिळवा आणि नऊ महिने पुढे जा. पाळी १२ जूनला आली असेल तर तारीख १९ मार्च. हे गणित २८ दिवसांच्या नियमित पाळीचं आहे. पाळी ३५ दिवसांनी येत असेल तर तारीख आठवडाभर पुढे जाते. पाळीची तारीख आठवत नसेल किंवा पाळी अनियमित असेल तर पहिल्या तीन महिन्यांतल्या सोनोग्राफीची तारीख धरायची, आणि एकदा धरली की बदलायची नाही.

आठव्या महिन्यातल्या सोनोग्राफीवर छापलेली तारीख बाळाच्या मापावरून काढलेली असते. बाळ लहानखुरं असेल तर ती पुढे गेलेली दिसते. ती खरी मानली तर वाढ कमी होत असलेलं बाळ "अजून वेळ आहे" म्हणून नजरेतून सुटतं. कार्डाच्या पहिल्या पानावर एकच तारीख ठळक लिहून घ्या. आणि नेमक्या त्या दिवशी फारच थोडी बाळं जन्मतात. ३७ आठवडे पूर्ण झाल्यावर कधीही कळा येऊ शकतात.

सोनोग्राफ्या किती आणि कधी?

चुकवू नयेत अशा दोन आहेत. पहिली ११ ते १३ आठवडे ६ दिवस या काळात. बाळाच्या मानेमागच्या पाण्याची जाडी तेव्हाच मोजता येते, चौदा आठवडे पूर्ण झाले की ती संधी गेली. दुसरी १८ ते २० आठवड्यांत, हृदय, मूत्रपिंडं, कणा, ओठ असे अवयव एकेक करून बघायला. ती तेविसाव्या आठवड्यावर ढकलू नका. काही गंभीर दिसलं तर पुढची तपासणी आणि निर्णय यांना दिवस लागतात, आणि कायद्यात २४ आठवड्यांनंतरचा निर्णय वैद्यकीय मंडळाकडे जातो. चांगल्या केंद्रांत आधी नंबर लावावा लागतो, म्हणून पहिली झाली त्याच दिवशी दुसरीची तारीख घ्या. बाळाची वाढ बघायला शेवटच्या तीन महिन्यांत आणखी एक सोनोग्राफी सहसा सांगतात.

मुलगा की मुलगी हे विचारणं आणि सांगणं १९९४च्या कायद्याने गुन्हा आहे. सोनोग्राफीआधी तुमच्याकडून त्याच्याच घोषणापत्रावर सही घेतात.

काहीच पोटात राहत नाही. पेज तरी घ्यावी का?

घ्या, पण वाटीभर एकदम नको. पोट रिकामं राहिलं की मळमळ वाढते, म्हणून दर दोन तासांनी चार-पाच घोट मिठाची पेज, कोरडे कुरमुरे, एखादा पाव. उठल्या उठल्या पाणी पिण्याआधी काहीतरी कोरडं खा. पाणी जेवणाबरोबर न घेता मधल्या वेळेत घ्या. मासे तळण्याच्या वासाने उमळत असेल तर काही आठवडे ते काम घरातल्या दुसऱ्या कुणीतरी करावं. हे लाड नाहीत. उलट्या थांबवायच्या सुरक्षित गोळ्या आहेत, त्या मागून घ्या. दिवसभर पाणीही टिकलं नाही, आठ तास लघवी झाली नाही किंवा ती गडद पिवळी झाली तर सलाईन लागेल.

लोहाच्या गोळीने शौच काळी होते, बद्धकोष्ठ होतं. बंद करू का?

बंद करू नका. काळी शौच म्हणजे गोळी पोटात गेल्याची खूण, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. चौथ्या महिन्यापासून रोज एक गोळी (६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड) किमान १८० दिवस आणि बाळंतपणानंतर आणखी १८० दिवस असं हे वेळापत्रक आहे. कॅल्शियमची ५०० मिलिग्रॅमची गोळी दिवसातून दोनदा.

गोळ्या चालू असूनही हिमोग्लोबिन का चढत नाही, याचं कारण बहुतेक घरांत एकच सापडतं. दोन्ही गोळ्या एकाच वेळी घेतल्या जातात, वर चहा प्यायला जातो. कॅल्शियम लोहाला शोषू देत नाही, चहा-कॉफीही देत नाही. म्हणून कॅल्शियम सकाळच्या आणि दुपारच्या जेवणाबरोबर घ्या, आणि लोह रात्री झोपताना, जेवणानंतर दोन तासांनी, लिंबूपाण्याबरोबर. चहा आणि लोह यांत तासाभराचं तरी अंतर ठेवा. बद्धकोष्ठासाठी पाणी, तांबडी भाजी, पिकलेली केळी. तरीही जमत नसेल तर गोळीचा प्रकार बदलून मागा.

हिमोग्लोबिन ११च्या खाली गेलं की रक्त कमी समजतात, ७च्या खाली गेलं तर इस्पितळातच उपचार लागतात. मधल्या आकड्यांना, दिवस भरत आले असतील तर, शिरेतून लोह देता येतं. छत्तिसाव्या आठवड्यात ८ असलेलं हिमोग्लोबिन बीट आणि खजूर खाऊन वेळेत चढत नाही. आहार हवाच, पण त्याच्या भरवशावर औषध सोडू नका. जंताची एक गोळीही चौथ्या महिन्यानंतर देतात, ती घ्या.

मासे खावेत का? कोणते?

जरूर खावेत. आठवड्यातून दोन-तीनदा, दर वेळी साधारण शंभर ग्रॅम. बांगडा, तारले, मुडदुशे, लेपो, शेवटो हे लहान मासे सगळ्यांत चांगले. बाळाच्या मेंदूला लागणारी चरबी बांगड्या-तारल्यांत भरपूर असते, आणि ते स्वस्तही असतात.

मोठे मासे लहानांना खाऊन वाढतात, त्यामुळे पारा त्यांच्या अंगात साठत जातो. म्हणून मोरी पूर्ण टाळा. मोठी इसवण, म्हणजे सुरमई, टाळलेलीच बरी. घरी आणलीच तर एखादा तुकडा, तोही क्वचित. दूध वाढावं म्हणून बाळंतिणीला मोरीचं सार देण्याची जुनी चाल आहे. त्यामागची माया खरी आहे, पण पारा दुधातून बाळापर्यंत जातो. त्याजागी बांगड्याचं हुमण किंवा कुळथाचं सार द्या.

सुंगटां, कुर्ल्या, तिसऱ्या, खुबे चालतात, पूर्ण शिजलेले. उकळूनही तोंड न उघडलेली तिसरी फेकून द्या. १ जून ते ३१ जुलै या मासेमारीबंदीच्या काळात ताजे मासे कमी मिळतात आणि घरोघरी पुरुमेंताचे, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीचे, सुके बांगडे, गालमो, खारं बाहेर निघतं. त्यांत मीठ फार असतं. रक्तदाब वाढलेला असेल तर ते बाजूला ठेवा आणि त्या दोन महिन्यांत अंडी, अळसांदे, मूग, चणे यांवर भर द्या.

पपई, अननस, ग्रहण, नीरो, फेणी?

पिकलेली पपई आणि एखादी फोड अननस चालतो. कच्ची पपई नको, तिच्या चिकात गर्भाशय आकुंचन पावायला लावणारी द्रव्यं असतात. ग्रहणात जेवल्याने, भाजी चिरल्याने बाळाला काही होत नाही. उलट दिवसभर उपाशी राहिल्याने चक्कर येते. केशराने रंग उजळत नाही.

बोंडूंचा (काजूच्या फळांचा) नीरो सकाळी काढलेला असला तरी काही तासांत आंबायला लागतो आणि त्यात दारू तयार होते, तेव्हा या वर्षी तो सोडा. हुर्राक, फेणी, बियर, वाईन यांचं सुरक्षित प्रमाण असं काही नाही. बाळंतपणानंतर थंडी काढायला म्हणून चमचाभर ब्रँडी देतात, तीही नको.

साखरेची तपासणी उपाशीपोटी की जेवून?

दोन्ही चालतं. ७५ ग्रॅम ग्लुकोज ३०० मिलिलिटर पाण्यात विरघळवून पाच ते दहा मिनिटांत प्यायचं आणि पहिल्या घोटापासून बरोबर दोन तासांनी रक्त द्यायचं. आकडा १४० किंवा वर असेल तर गरोदरपणातला मधुमेह. अर्ध्या तासाच्या आत उलटी झाली तर त्या दिवशीची तपासणी बाद, दुसऱ्या दिवशी पुन्हा. त्या दोन तासांत बाजार करून येऊ नका. चालण्याने साखर उतरते आणि आकडा खोटा कमी येतो. बसून राहा, आणि काही खाऊ नका.

ही तपासणी दोनदा होते, पहिल्या भेटीत आणि २४ ते २८ आठवड्यांत. पहिली चांगली आली म्हणून दुसरी टाळणं ही पहिलटकरणींची अगदी नेहमीची चूक. वारेतून सुटणारी संप्रेरकं इन्सुलिनचं काम अडवतात, आणि त्यांचा जोर सहाव्या महिन्यानंतरच वाढतो.

मधुमेह निघाला तर भात बंद करायचा नाही, मोजायचा. ताटाचा अर्धा भाग भाज्या, पाव भाग मासे, डाळ किंवा अंडं, उरलेल्या पाव भागात उकडा भात. तिन्ही जेवणांनंतर पंधरा-वीस मिनिटं चालणं. शहाळ्याचं पाणी आणि आंबा हेही या हिशेबात धरायचे. दोन आठवडे असं करूनही जेवणानंतर दोन तासांची साखर १२०च्या खाली आली नाही तर औषध किंवा इन्सुलिन सुरू करतात. इन्सुलिन वारेपलीकडे बाळाकडे जात नाही, तेव्हा त्याची धास्ती नको. बाळंतपणानंतर सहा आठवड्यांनी साखर पुन्हा तपासा. ही तपासणी बाळाच्या गडबडीत हमखास राहून जाते.

पाय सुजतात. हे नेहमीचंच ना?

संध्याकाळी घोट्यांना सूज आणि सकाळी ओसरलेली, हे नेहमीचं. सकाळी उठल्यावर चेहरा आणि बोटं सुजलेली असणं, अंगठी निघेनाशी होणं, एका आठवड्यात वजन किलोपेक्षा जास्त वाढणं, यासाठी त्याच दिवशी रक्तदाब मोजा. १४०/९० किंवा वर असेल तर डॉक्टरांना लगेच कळवा. १६०/११० असेल, किंवा जोराची डोकेदुखी, डोळ्यांपुढे काजवे, बरगड्यांखाली दुखणं यांतलं काहीही असेल तर वाट न बघता इस्पितळात. पुढची पायरी झटक्यांची असते, आणि बाळंतपणानंतरही सहा आठवडे हा धोका उरतो.

घरी मोजताना दंडावर बांधायचं यंत्र घ्या, मनगटाचं नको. पाच मिनिटं पाठ टेकून बसा, पाय जमिनीवर, दंड छातीच्या पातळीत. जिना चढून आल्या आल्या घेतलेल्या आकड्याला अर्थ नसतो.

बाळाची हालचाल कशी मोजायची?

पहिल्या खेपेला हालचाल १८ ते २० आठवड्यांच्या सुमारास जाणवू लागते, वार पुढच्या बाजूला असेल तर आणखी उशिरा. २८ आठवड्यांनंतर रोज एका ठरावीक वेळी, शक्यतो रात्री जेवल्यावर, डाव्या कुशीवर निजून मोजा. दोन तासांत दहा हालचाली व्हायला हव्यात. लाथ, वळणं, सरकणं सगळं धरायचं, उचकी धरायची नाही.

प्रत्येक बाळाची स्वतःची लय असते, आणि महत्त्वाचा असतो त्या लयीतला बदल. रोज रात्री नाचणारं बाळ आज गप्प असेल तर त्याच रात्री जा. दिवस भरत आले की बाळ शांत होतं हे सगळीकडे ऐकू येतं आणि ते चूक आहे. जागा कमी झाल्याने हालचालीची तऱ्हा बदलते, संख्या कमी होत नाही. तपासणीत सगळं ठीक निघालं म्हणून "उगाच आलो" असं वाटून घेऊ नका, आणि पुन्हा तसंच झालं तर पुन्हा जा.

स्कूटर कधीपर्यंत?

धक्क्यांनी गर्भ पडत नाही. भीती पडण्याची आहे, पावसात खड्डे पाण्याखाली असतात तेव्हा तर फारच. पाचव्या महिन्यानंतर पोटामुळे तोल बदलतो, तेव्हा स्वतः चालवणं थांबवा. मागे बसायचंच झालं तर दोन्हीकडे पाय टाकून आणि हेल्मेट घालून. गाडीत पट्टा लावायचाच. खालचा भाग पोटाखालून मांड्यांवरून, वरचा दोन स्तनांच्या मधून. पोटावर आडवा कधीच नाही.

पावसाळ्यात ताप आला तर?

१००.४ किंवा वर ताप असेल तर त्याच दिवशी डॉक्टर. तोवर पॅरासिटामॉल ५०० घ्या. इब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक किंवा ॲस्पिरीन मनाने घेऊ नका, डेंग्यू असेल तर त्यांनी रक्तस्राव वाढतो. (रक्तदाबाचा धोका म्हणून डॉक्टरांनी रोजची लहान ॲस्पिरीन दिली असेल तर तापात ती घ्यायची का, हे त्यांनाच विचारा.) डेंग्यूचे डास दिवसा चावतात, म्हणून दुपारच्या झोपेलाही मच्छरदाणी लावा. शेतातल्या पाण्यात अनवाणी उतरू नका, लेप्टोची (उंदरांच्या लघवीतून पसरणाऱ्या तापाची) लागण तिथूनच होते. सत्तरीत काजूच्या हंगामात माकडतापाचा धोका असतो. तो गोचिडीच्या चाव्यातून येतो, त्यामुळे गरोदर बाईने बागायतीत बोंडू वेचायला जाऊ नये.

बाळंतपण कुठे करावं?

निरोगी बाईला आणि पोटात एकच, सरळ बाळ असेल तर म्हापसा किंवा मडगावचं जिल्हा इस्पितळ, फोंड्याचं उपजिल्हा इस्पितळ किंवा विश्वासाचं खाजगी इस्पितळ चालतं. जुळी, वाढलेला रक्तदाब, हृदयाचा आजार, वार खाली असणं किंवा वेळेआधी कळा येण्याची भीती असेल तर नाव बांबोळीला गोवा वैद्यकीय महाविद्यालयात नोंदलेलं बरं. सरकारी इस्पितळात बाळंतपण, सिझेरियन, औषधं, रक्त आणि नेण्या-आणण्याची गाडी मोफत असते. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी केंद्रांत चौथ्या महिन्यापुढच्या गरोदर बायकांची विशेष मोफत तपासणीही होते.

खाजगी इस्पितळ निवडताना खोलीपेक्षा हे विचारा: रात्री दोन वाजता भूलतज्ज्ञ किती मिनिटांत येतात? बाळाचे डॉक्टर जन्माच्या वेळी हजर असतात का? रक्त कुठून आणतात? बाळ लवकर जन्मलं तर कुठे पाठवतात? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर बांबोळी असेल आणि तुमचं बाळ लवकर होण्याची शक्यता आधीच दिसत असेल, तर बाळ पोटात असतानाच तिथे पोचणं सगळ्यांत सुरक्षित.

काणकोण, सांगे, सत्तरी, पेडणे इथल्या आतल्या गावांतून निघणाऱ्यांनी रस्त्याचा वेळ एकदा प्रत्यक्ष मोजून ठेवावा. दिवाडीच्या लोकांनी रात्रीच्या फेरीबोटीची चौकशी आठव्या महिन्यातच करावी, किंवा शेवटचे दोन आठवडे अलीकडच्या काठावर नातेवाइकांकडे राहावं.

पहिलं बाळंतपण कुळारी (माहेरी) करायचं आहे. कधी जावं?

३४ ते ३५ आठवड्यांत. त्यापेक्षा उशीर केला तर नव्या डॉक्टरांना तुम्ही कळा देतानाच पहिल्यांदा भेटता. सावंतवाडी, कारवार किंवा बेळगावला जाणार असाल तर मूळ कार्ड, सगळ्या सोनोग्राफ्या आणि रक्तगटाचा अहवाल बरोबर न्या, मोबाइलमध्ये फोटोही काढून ठेवा. पोचल्यापासून आठवड्याभरात तिथल्या इस्पितळात नाव घाला.

हॉटेलात कंत्राटावर काम करते. मला रजा मिळते का?

मिळते. मातृत्व रजेच्या कायद्यात कायम आणि कंत्राटी असा फरक नाही. दहा किंवा अधिक कामगार असलेली हॉटेलं आणि दुकानं त्यात येतात. तारखेआधीच्या बारा महिन्यांत त्या मालकाकडे ८० दिवस काम झालेलं असावं. पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवडे भरपगारी रजा, त्यांतले जास्तीत जास्त ८ तारखेआधी. ईएसआयमध्ये (कर्मचारी राज्य विमा योजनेत) नाव असेल तर पैसे तिथून मिळतात. त्यासाठी आधीच्या दोन अंशदान (वर्गणीच्या, सहा-सहा महिन्यांच्या) कालावधींत मिळून किमान ७० दिवसांची वर्गणी भरलेली लागते, तेव्हा पगाराची चिठ्ठी दर महिन्याला बघा. रजेचा अर्ज लेखी द्या आणि पोच घ्या. गरोदरपणाच्या रजेत कामावरून काढणं बेकायदा आहे. पर्यटनाचा हंगाम संपला की कंत्राट तोडून ऑक्टोबरमध्ये पुन्हा करायचं अशी पद्धत असेल तर आधीच्या कामाचे दिवस सिद्ध करणारे कागद जपून ठेवा.

कळा खऱ्या की खोट्या, कसं ओळखायचं?

चालून बघा, पाणी प्या, कूस बदला. खोट्या कळा ओसरतात. खऱ्या वाढत जातात, कमरेतून पुढे येतात, आणि त्यांच्या मधलं अंतर कमी होत जातं. पहिल्या खेपेला पाच मिनिटांनी एक, प्रत्येकी मिनिटभर, असं तासभर चाललं की निघा. घर लांब असेल तर दहा मिनिटांवर असतानाच.

पाणी गेलं तर कळा नसल्या तरी निघा. कोरडं स्वच्छ पॅड लावा, वेळ आणि रंग लक्षात ठेवा. पाणी हिरवट असेल, रक्त जात असेल, ३७ आठवड्यांआधी कळा आल्या किंवा बाळ हलत नसेल तर १०८. एरंडेल घेऊन कळा आणायचा प्रयत्न करू नका.

पिशवी छत्तिसाव्या आठवड्यात भरून दाराशी ठेवा: पुढून उघडणारे सुती गाऊन, मोठी पॅड, जुन्या सुती साडीचे धुऊन उन्हात वाळवलेले तुकडे, बाळाच्या दोन-तीन टोप्या आणि मोजे, कार्ड, आधार, सगळे अहवाल. पावसाळा असेल तर हे कागद प्लास्टिकच्या पिशवीत.

दूध येतच नाही. वरचं द्यावं का?

पहिले दोन-तीन दिवस चीक येतो, चमच्यात मोजण्याइतकाच. बाळाचं पोटही तेवढंच असतं. जन्मापासून तासाभरात अंगावर घ्या आणि दिवस-रात्र मिळून आठ ते बारा वेळा पाजा. दूध बाळाच्या ओढण्याने वाढतं. वरचं एक पाजणं म्हणजे एक ओढणं कमी, आणि दुसऱ्या दिवशी तेवढंच दूध कमी.

दुखत असेल तर बहुतेक वेळा पकड चुकलेली असते. बाळाचं पोट तुमच्या पोटाला, तोंड मोठं उघडलेलं, खालचा ओठ बाहेर वळलेला, आणि बोंडीभोवतीचा काळा भागही तोंडात. नुसती बोंडी चोखली की चिरा पडतात.

दूध पुरतंय हे रडण्यावरून ठरवू नका, लघवीवरून ठरवा. पाचव्या दिवसापासून चोवीस तासांत सहा किंवा जास्त वेळा. वजन पहिल्या दिवसांत थोडं उतरतं. ते दहा टक्क्यांपेक्षा जास्त उतरलं, किंवा दोन आठवड्यांत जन्माइतकं परत झालं नाही, तर दाखवा. मध, साखरपाणी, गुटी काहीही नको. मधातून एक वर्षाच्या आतल्या बाळाला जीवघेणी विषबाधा होऊ शकते. बाळंतिणीने पाणी कमी प्यावं ही समजूत चुकीची, तहानेप्रमाणे भरपूर प्या.

पहिल्या २४ तासांत दिसलेली कावीळ, किंवा तळहात-तळपायांपर्यंत उतरलेला पिवळेपणा, लगेच इस्पितळात न्या. कोवळ्या उन्हात धरणं हा तिच्यावरचा उपचार नाही.

तेल, शेक, धुरी चालेल का?

हलक्या हाताने खोबरेल लावणं चांगलं. नाकात-कानात तेल नको, नाक ओढून सरळ करणं नको. बेंबीला काही लावू नका, ती कोरडी ठेवली की आपोआप गळते. काजळ नको. बंद खोलीत निखाऱ्यांची शेगडी आणि धुरी दोघांच्याही जिवाला धोक्याची आहे. कोळशाचा विषारी वायू दिसत नाही आणि त्याला वास नसतो. शेक हवा तर गरम पाण्याच्या पिशवीचा घ्या.

बाळंतिणीचं कशावर लक्ष ठेवायचं?

घरात सगळे बाळाकडे बघत असतात. कुणीतरी एकाने फक्त तिच्याकडे बघावं. तासाभरात एक पॅड पूर्ण भिजणं, १००.४च्या वर ताप, घाण वास येणारा स्राव, एकाच पोटरीत दुखणं आणि सूज, धाप, जोराची डोकेदुखी: यांतलं एक जरी दिसलं तरी इस्पितळ. सोयर आहे म्हणून बाहेर पडायचं नाही हा नियम इथे लागू करू नका.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी विनाकारण रडू येतं आणि दोन आठवड्यांत ओसरतं. त्यापुढेही झोप लागत नसेल, बाळाकडे बघवत नसेल, मेलेलं बरं असं वाटत असेल तर तो आजार आहे आणि त्यावर औषध आहे, पाजतानाही घेता येणारं. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा मोफत क्रमांक चोवीस तास चालू असतो.

पैसे आणि जन्माची नोंद?

प्रधानमंत्री मातृवंदना योजनेत पहिल्या बाळासाठी ५,००० रुपये मिळतात. नोंदणी आणि एक तपासणी झाल्यावर ३,०००, आणि जन्मनोंद व साडेतीन महिन्यांपर्यंतच्या लसी झाल्यावर २,०००. सरकारी नियमित नोकरी असणाऱ्यांना मिळत नाहीत. उत्पन्नाच्या आणि शिधापत्रिकेच्या अटी अंगणवाडीत समजतील. पैसे अडतात ते बहुधा नावावर. लग्नानंतर बदललेलं नाव एका कागदावर, माहेरचं दुसऱ्यावर. पोर्तुगीजकाळापासून चालत आलेलं आडनावाचं स्पेलिंग एक, आधारवरचं दुसरं. आधार आणि बँक खातं पाचव्या महिन्याच्या आत एकसारखं करून घ्या.

जन्म २१ दिवसांत नोंदवायचा, आणि तो जिथे झाला तिथे. बांबोळीला जन्मलेल्या बाळाची नोंद तुमच्या गावच्या पंचायतीत सापडणार नाही. इस्पितळातला फॉर्म भरताना आई-वडिलांच्या नावांचं स्पेलिंग आधार समोर धरून लिहा. १ ऑक्टोबर २०२३पासून जन्मलेल्या मुलांना शाळाप्रवेश, वाहन परवाना अशा कामांसाठी जन्मदाखला हाच जन्मतारखेचा पुरावा धरला जातो, आणि नंतरची दुरुस्ती वेळखाऊ असते. बारशाचं नाव ठरलं नसेल तर ती जागा मोकळी सोडा. बारा महिन्यांच्या आत नाव विनाशुल्क घालता येतं.